अकरा पुस्तकांवरून चार पुस्तकांवर



एम.ए. किंवा एम.एस्सी. अर्थशास्त्राच्या प्रवेश परीक्षेसाठी कोणती पुस्तकं घ्यावीत, हे सांगायला मला बोलावलंय. खरं तर मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरी करता करता ही परीक्षा एकदा दिली आणि निवड झाली नाही. तेव्हा माझ्याकडे अकरा पुस्तकं होती. आता माझी धाकटी बहीण तयारी करतेय. अब्बांनी तिला एक वर्ष दिलंय, पुढचं पुढे बघू म्हणालेत. तिच्या टेबलावर चार पुस्तकं आहेत.

मी चुकलो कुठे? पुस्तकं आधी घेतली, पेपर नंतर पाहिला. कुणीतरी मास-कोलेलचं नाव घेतलं, मी आणलं. ते पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला लावतात! चाळीस पानांत गार पडलो, पण कपाटात छान दिसत होतं.

तुम्ही उलटं करा. आधी परीक्षा ठरवा. आयएसआयच्या एमएसक्यूईला दोन पेपर असतात: एक गणिताचा, वस्तुनिष्ठ, दुसरा अर्थशास्त्राचा, उत्तरं मांडून लिहायची. जॅममध्ये 2020 पासून अर्थशास्त्र आलंय. तिथे तीन तासांत साठ प्रश्न आणि संख्याशास्त्र, भारतीय अर्थव्यवस्था हेही अभ्यासक्रमात. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा प्रवेश आता सीयूईटी-पीजीतून होतो. म्हणजे एकच यादी सगळ्यांना पुरणार नाही. जुने पेपर संस्थांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. दोन-तीन वर्षांचे छापून घ्या, एक रविवार त्यांच्यासोबत बसा. एकही प्रश्न सुटला नाही तरी चालेल. पात्रतेत बारावीचं गणित मागितलंय का, तेही त्याच दिवशी वाचा.

आता आमची चार पुस्तकं. सूक्ष्म अर्थशास्त्राला हॅल व्हेरियनचं ‘इंटरमिजिएट मायक्रोइकॉनॉमिक्स’ आणि त्याच्या जोडीचं बर्गस्ट्रॉम-व्हेरियनचं ‘वर्कआउट्स’. गणिताला सिडसेटर-हॅमंड. स्थूल अर्थशास्त्राला ब्लांशार. डॉर्नबुश-फिशर आधीच घरात असेल तर तेच ठेवा, दोन्ही नकोत. आवृत्ती जुनी चालते. आम्ही दोन अप्पा बळवंत चौकातून जुनी आणली.

इथे जे इंजिनिअर बसलेत त्यांच्याशी जरा जास्त बोलतो. आपल्याला वाटतं, गणित येतं म्हणजे झालं. मलाही वाटलं. सराव करताना एक प्रश्न आला: एका ग्राहकाला दोन वस्तू अगदी सारख्याच, एकीऐवजी दुसरी चालते. पहिलीची किंमत 2 रुपये, दुसरीची 3. खिशात 60 रुपये. तो काय घेईल? मी लगेच लॅग्रांज लावला. एका समीकरणातून लॅम्डा आला एक द्वितीयांश, दुसऱ्यातून एक तृतीयांश. अर्धा तास आकडेमोड तपासत बसलो. बहिणीला विचारलं. ती बी.ए.ची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. म्हणाली, “भाईजान, सारखीच आहेत तर स्वस्त घेईल ना. तीस.”

उत्तर तेच आहे. इथे उत्तर टोकाला असतं, म्हणून माझी पद्धत लागूच होत नव्हती. व्हेरियन हे सुरुवातीच्या प्रकरणांतच समजावतो, साध्या चित्रांनी. मी ती प्रकरणं ‘सोपी आहेत’ म्हणून सोडली होती.

बहिणीची अडचण वेगळी. तिला कल्पना कळतात, इंग्रजी अडतं. पहिलं प्रकरण वाचायला तिला नऊ दिवस लागले. आम्ही ठरवलं, प्रकरणाचा सारांश वहीत मराठीत लिहायचा, गणितं मात्र इंग्रजीतच सोडवायची, कारण पेपर तसाच येणार. सहावं प्रकरण तीन दिवसांत झालं.

आणि घरी पैशांचा विषय निघाला तर सांगा, आयएसआयमध्ये आजवर शिकवणी शुल्क नाही, वर विद्यावेतन मिळतं. आमच्याकडे अम्मीचा आवाज या एका वाक्याने बदलला.

माझी उरलेली सात पुस्तकं सोबत आणलीत, मागच्या टेबलावर आहेत. चहानंतर हवं ते घेऊन जा. फक्त आधी मला जुन्या पेपरातला एक प्रश्न दाखवा, ज्याच्यासाठी ते पुस्तक हवंय. मास-कोलेल कुणी नेलं नाही तरी मला वाईट वाटणार नाही.