अल्पाचे अर्पण



व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय आमच्याकडे सोपविला तेव्हा आम्हांस प्रथम थोडा संकोच वाटला. ख्रिस्ती जीवनातील श्रद्धेविषयी बोलावयाचे, आणि श्रोते बहुसंख्य अन्य धर्मांचे! परंतु सुदाम्याचे पोहे आणि विदुराच्या कण्या ज्या समाजाला लहानपणापासून ठाऊक आहेत, त्याला हा विषय परका वाटू नये, या विचाराने धीर आला.

आरंभी आमच्याच एका चुकीची हकिकत सांगतो. आमच्या मंडळ्यांमध्ये पिके निघाल्यावर कापणीचा सण होतो. कोणी जोंधळ्याचे पोते आणतो, कोणी कोंबडी, कोणी भोपळा. उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो आणि ते पैसे मंडळीच्या कामी येतात. तरुणपणी एका वर्षी यादी लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. मोठ्या वस्तू आम्ही नावानिशी लिहिल्या. बाकीच्या शेवटी एका ओळीत घातल्या : ‘किरकोळ जमा’. सायंकाळी एक म्हातारी आली. तिने दोन अंडी आणली होती. ‘मास्तर, माझं कुठं लिवलंय?’ असे तिने विचारले. तिला वाचता येत नव्हते. आम्ही त्या ओळीवर बोट ठेवले. ‘किरकोळ म्हंजी?’ आम्ही सांगितले, वेगळे लिहावे लागत नाही असे बारीकसारीक. ती थोडा वेळ उभी राहिली, ‘बरं, त्याला ठावं हाय,’ म्हणाली आणि निघून गेली.

आमचा हिशेब चुकला नव्हता. बेरीज बरोबर होती. तरी ती ओळ आम्हांस अद्याप टोचते. त्या बाईपाशी जी श्रद्धा होती ती यादी करणाऱ्यापाशी नव्हती, हे पुढे उमगले. ती श्रद्धा म्हणजे नेमके काय, याचा आज विचार करू.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजार पुरुषांच्या जमावाला जेवू घातल्याची कथा आहे. त्यांना काय खावयास द्यावे, असे येशूने विचारताच फिलिप्प नावाच्या शिष्याने हिशेब मांडला : दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला घासभरही यावयाच्या नाहीत. अंद्रियाने एका मुलाकडे बोट दाखविले. त्याच्याजवळ पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या. पण एवढ्यांना ते कसे पुरावे, ही शंकाही त्याने लगेच जोडली. त्या भाकरी जवाच्या होत्या. गहू मिळत नसे त्या गरिबाचे ते अन्न. आपल्याकडे नाचणीची भाकरी म्हणा. त्या भाकरी येशूने घेतल्या, देवाचे आभार मानले आणि वाटल्या. सर्व जेवले, आणि उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या.

या कथेतील दोन गोष्टींकडे आमचे लक्ष वारंवार जाते. पहिली ही की, फिलिप्पाचे गणित खोटे नव्हते. पाच भाकरी थोड्याच होत्या. आपली वस्तू लहान आहे हे पुरते ठाऊक असून ती हातातून सोडावयाची, हीच श्रद्धेची कसोटी. दुसरी गोष्ट त्या मुलाची. त्याचे नाव दिलेले नाही. त्याला कोणी शाबासकी दिली की नाही, तेही लिहिलेले नाही. त्याने दिले, आणि तो कथेतून नाहीसा झाला. दिलेल्या वस्तूचे पुढे काय झाले हे पाहण्याचा हक्क देणाऱ्याला असतोच असे नाही. आपल्याला जड जाते ते हेच. देणे एक वेळ सोपे. दिल्यानंतर पावती न मागणे कठीण.

इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी जॉर्ज म्यूलर नावाचा जर्मन धर्मोपदेशक राहत असे. अनाथ मुलांसाठी घर काढावे असे त्याने 1835 साली ठरविले. कोणापुढेही हात पसरावयाचा नाही, देवाजवळच मागावयाचे, असा त्याचा नेम. त्या डिसेंबरात या कामासाठी पहिली देणगी आली ती एका शिलिंगाची. त्याने ती टिपून ठेवली. पुढे 1898 साली मृत्यू येईतो दहा हजारांहून अधिक मुले त्या घरांत वाढली. मोठमोठ्या रकमाही आल्या; पण त्याच्या वृत्तान्तात पेन्सांच्या देणग्या, बश्या, कपडे यांच्याही नोंदी वेगळ्या आहेत. ‘किरकोळ जमा’ लिहिणाऱ्या आमच्यासारख्याने या वह्यांपासून धडा घ्यावा. आणि सर्व काळ सुबत्तेचा होता असेही नव्हे. उद्याच्या भाकरीला पैसा नाही असे दिवस त्यानेच वारंवार लिहून ठेवले आहेत.

हा वृत्तान्त आमच्या महाराष्ट्रातल्या एका विदुषीने वाचला होता. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या असता 1887 साली बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी संस्था स्थापन झाली. गावोगावच्या मंडळांतील सभासदांनी वर्षाला एक डॉलर, अशी दहा वर्षे वर्गणी देण्याचे वचन दिले. त्या बळावर 1889 साली मुंबईत शारदा सदन उघडले. म्हणजे त्याचा पाया डॉलर-डॉलरच्या वर्गणीचा. दहा वर्षांची मुदत सरत आली, तोच 1896-97 चा दुष्काळ पडला. मदतीची खात्री नसताना रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. इतर देशांत देवावर भिस्त ठेवता येते, तर हिंदुस्थानात का येऊ नये, असा प्रश्न म्यूलर आदींची चरित्रे वाचून आपल्या मनात आला, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. केडगावचे मुक्ती मिशन त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

तिसरे उदाहरण ईशान्येकडील मिझोरमचे. तेथील ख्रिस्ती घरांत 1910 च्या सुमारास एक चाल पडली. स्वयंपाकासाठी तांदूळ घेतला की गृहिणी त्यातून एक मूठ काढून निराळ्या भांड्यात टाकते. मंडळीतील स्त्रिया घरोघरचा हा तांदूळ गोळा करतात. तो विकून आलेला पैसा धर्मकार्यास जातो. तेथे या चालीला ‘बुहफाई थाम’, म्हणजे मूठभर तांदूळ, असे नाव आहे. आपल्याकडील मुष्टिफंडाची ही सख्खी बहीणच म्हणावयाची. पैशापैशाने जमलेल्या पैसा फंडातून तळेगावचा काचकारखाना 1908 साली उभा राहिला, हेही येथे आठवावे. मिझो गृहिणीच्या मुठीत मात्र आणखी एक अर्थ आहे. ज्या घरी देण्यास नाणे नाही त्या घरीही चूल पेटते. म्हणून देण्याचा मान तेथील गरिबातल्या गरीब बाईला रोज दोन वेळा मिळतो.

येथे कोणी विचारील की, गरिबाच्या दोन पैशांचे असे गोडवे गाणे म्हणजे गरिबालाच नागविण्याची युक्ती नव्हे काय? हा आक्षेप आम्ही झटकून टाकू इच्छीत नाही. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. तिने आपली सर्व उपजीविका टाकली, असे येशू म्हणाला. पण मार्काच्या बाराव्या अध्यायात त्याच्या लगेच आधी काय आहे ते पाहावे : लांब प्रार्थना करून विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांचा येशूने केलेला निषेध! दोन्ही गोष्टी एकाच जागी आहेत. देणारी धन्य, म्हणूनच घेणाऱ्यावर जबाबदारी भारी. एका गरीब शिवणकाम करणाऱ्या बाईने वारशातून शंभर पौंड देऊ केले तेव्हा म्यूलर आधी तिला भेटला, आणि ती उतावळेपणाने तर देत नाही ना, याची त्याने चौकशी केली. बारा टोपल्यांच्या कथेतही, काही वाया जाऊ नये म्हणून तुकडे गोळा करा, अशी आज्ञा आहे. देवावर भरवसा ठेवणाऱ्याने हिशेब सैल ठेवावा, असे शुभवर्तमानात कोठेही नाही.

आणखी एक सांगून पुरे करतो. अर्पण ही बँकेतली ठेव नव्हे. दिले म्हणून दुप्पट मिळेल, असे आश्वासन आम्ही कोणास देणार नाही. पुष्कळांची अर्पणे डोळ्यांदेखत कोठेतरी विरून जातात. आजाऱ्यापाशी काढलेली रात्र, वर्षानुवर्षे चालविलेला रविवारचा वर्ग, रागाच्या क्षणी गिळलेला एक शब्द, यांतले पुढे काय उपयोगी पडले ते आपल्याला कळत नाही. तेथे त्या म्हातारीचे तीन शब्दच आधाराला राहतात.

त्या वर्षीची ती यादी पुढे कोठे गेली कोण जाणे. पण त्यानंतर जितकी वर्षे ते काम आमच्याकडे राहिले, तितकी वर्षे आम्ही दोन अंडीसुद्धा नावानिशी लिहिली. कागद जास्त लागला, वेळही जास्त लागला. बेरीज मात्र पूर्वीइतकीच बरोबर आली.