कालव्याकाठची मुरमाची वाट



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, पगारवाढ नाहीतर संप यांविषयी बोलणार, असे श्रोते धरून चालतात. मी आज एका वाटेविषयी बोलणार आहे. विषय वेगळा वाटला तरी मागणी जुनीच आहे. कष्ट करणाऱ्या माणसाला हक्काचा वेळ मिळावा आणि हक्काची जागाही मिळावी, एवढीच ती मागणी.

नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग आपल्या जालना जिल्ह्यातून जातो. ५ जून २०२५ रोजी त्याचा अखेरचा टप्पा खुला झाला. त्यावर सायकलीला मज्जाव आहे आणि फटफटीलाही आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या वेगात सायकल सोडणे म्हणजे माणूस मारणेच होय. शेगाव-पंढरपूर हा मोठा रस्ता तर आपल्या परतुरावरून जातो. तेथे सायकलीला बंदी नाही. तथापि मागून उसाची ट्रॉली आली, समोरून ट्रक आला, की सायकलवाल्याने मुकाट्याने कडेच्या मातीत उतरावे, असा तेथला अलिखित कायदा आहे. मोटारीची सोय झाली, ठीक झाले. मग सायकलीची वाट कोणती?

कोणी म्हणेल, ‘अहो, आता सायकल चालवतो कोण?’ ज्याला रोजच्या पेट्रोलाचा खर्च झेपत नाही, तो चालवतो. जिनिंगमध्ये पाळीवर जाणारा चालवतो, गवंड्याच्या हाताखालचा बिगारी चालवतो. आणि शाळेच्या मुली चालवतात. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून खेड्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. बिहारने २००६ साली अशीच योजना काढली, आणि तिच्यामुळे हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली, असे अभ्यासकांनी मोजून दाखवले आहे. सरकारने सायकल दिली, पण ती सुखरूप चालवावी अशी वाट दिली नाही, तर आई मुलीला किती दिवस पाठवील? एखादा ट्रक अंगावरून गेल्यासारखा जवळून जातो, आणि त्या दिवसापासून मुलीची शाळा सुटते.

आता या वाटेसाठी कोट्यवधी रुपये हवेत असे नाही. ती बऱ्याच ठिकाणी आधीच तयार आहे. गोदावरीला आपण गंगा म्हणतो आणि तिच्या काठच्या सपाट मुलखाला गंगथडी. या मुलखाला पाणी देण्यासाठी पैठणला जायकवाडीचे धरण झाले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटरांचा आहे. तो जालना जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने परभणी जिल्ह्यात जातो. कालवा म्हटला की देखरेखीसाठी त्याच्या भरावावर मुरमाची वाट असते. आपल्या दुधनेवरही शेजारच्या सेलू तालुक्यात निम्न दुधनेचे धरण झाले, त्यालाही कालवे आहेत.

या वाटेचा एक गुण ध्यानात घ्या. पाणी आपल्या वजनाने हळूहळू पुढे जावे म्हणून इंजिनिअर कालव्याला फार थोडा उतार देतात. चढ तर पाण्याला चालतच नाही. जी वाट अशा पाण्याच्या सोबतीने जाते, तिलाही चढ नसतो. चालायला जेवढी ताकद लागते, साधारण तेवढ्याच ताकदीत सपाटीवर सायकलवाला तिप्पट अंतर तोडतो. थकून घरी जाणाऱ्या मजुराच्या मांड्यांना या गोष्टीची किंमत विचारा.

वाट आहे, पण तिची हालत काय आहे? आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर नुसती वाट काढली तर आषाढात सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून चांगला मुरूम टाकून पाणी मारावे, रोलर फिरवावा, मध्ये किंचित उंचवटा ठेवावा आणि पाणी निघून जायला कडेने नाली काढावी. डांबराची गरज नाही. उलट डांबर टाकले की मोटार आलीच. दोन शत्रू मात्र आहेत, वेडी बाभूळ आणि सराटा. ते काढले नाहीत तर वाटेवर सायकलवाल्यांपेक्षा पंक्चरवाल्याचीच जास्त भरभराट होईल. हे सारे काम माणसाच्या हाताचे आहे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांची ती कमाई होती. त्याच हातांना हे काम मिळावे.

अशी वाट राखण्यासाठी इतरत्रही माणसे झगडली आहेत. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या काठाने २९७ किलोमीटरांचा एक जुना कालवा आहे. नावा ओढणाऱ्या खेचरांसाठी त्याच्या कडेने वाट केली होती. कालवा बंद पडला, आणि तेथे मोटाररस्ता करावा असे ठरू लागले. तेव्हा तेथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी जानेवारी १९५४ मध्ये वर्तमानपत्राच्या संपादकांना आव्हान दिले, की माझ्याबरोबर ही वाट चालून पाहा आणि मग लिहा. बरेच जण निघाले, सबंध वाट नऊच जण चालले. पण रस्ता रद्द झाला. १९७१ साली त्या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि आज त्या वाटेवर लोक पायी आणि सायकलीने जातात.

आणि सायकलीचे व कामगारांचे नाते फार जुने आहे. इंग्लंडात १८९४ साली समाजवादी कामगारांनी क्लॅरियन नावाचा सायकल क्लब काढला. जर्मनीत १८९६ साली कामगार सायकलस्वारांचा ‘सॉलिडॅरिटी’ हा संघ निघाला. नाझींनी १९३३ साली तो मोडून टाकला. सुटीच्या दिवशी धुराच्या गावातून बाहेर पडून नदीकाठी जाणे ही त्या लोकांना चैन वाटत नव्हती. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. तो रविवार नुसता झोपून काढण्यासाठी मिळवलेला नव्हता. बायको-मुलांना कॅरिअरवर आणि दांडीवर घेऊन नदीकाठी दोन भाकरी खाता याव्यात, हाही त्याचाच भाग आहे.

शेतकरी बांधव मला अडवतील: ‘बाबा, पांदण आधी आमची. माल बाहेर कसा काढायचा?’ त्यांचे खरे आहे. पांदणीवरून बैलगाडी आणि ट्रॅक्टर गेलेच पाहिजेत. सायकल त्यांच्यामागून जाईल. माझे भांडण नांगराशी नाही. पांदण नांगरून आपल्या शेतात घेणाऱ्याशी आणि रात्री नदीकाठच्या वाटा तुडवणाऱ्या वाळूच्या टिप्परांशी आहे. शेतकरी आणि मजूर यांचे येथे एकच दुखणे आहे. अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याने तहसीलदाराला दिलेला आहे. गावनकाशावर जुन्या वाटा आखलेल्या असतात. त्या कागदावर राहिल्या आणि जमिनीवरून नाहीशा झाल्या, तर दोष नकाशाचा नाही, आपल्या मुकेपणाचा आहे.

कालव्याच्या वाटेसाठी पाटबंधारे खात्याची परवानगी हवी, आणि ती रीतसर मागावी. सायकल जाईल पण टिप्पर अडेल, अशा अंतराने दगडी खांब रोवता येतात. खात्याच्या गाडीसाठी मधला खांब काढता-घालता येतो. मात्र एक इशारा देतो. कालव्याचे पाणी शांत दिसते, पण त्याच्या अस्तरावरून घसरलेल्याला वर येता येत नाही. म्हणून वाट काठापासून दूर, भरावाच्या बाहेरच्या अंगाने असावी. पूल आणि वळण आले तेथे कठडा असावा. मुलीच्या जिवावर बेतणारी स्वस्ताई आपल्याला नको.

एवढे काम एकट्यादुकट्याचे नाही. प्रत्येक गावातून पाच माणसे निघावीत, गावनकाशा घेऊन वाट पायी पाहावी, कोठे अडली, कोठे खचली, कोठे काटा माजला ते लिहून काढावे आणि ग्रामसभेत ठराव घालावा. युनियन अशीच उभी राहते: आधी यादी, मग ठराव, मग पाठपुरावा. वाट वापरात राहिली तरच ती सर्वांची राहते. चार महिने कोणी गेले नाही, तर पाचव्या महिन्यात तिच्यावर कापूस उभा असतो.