परदेशी जाणाऱ्याच्या बॅगेतली औषधं



आपल्या रत्नागिरीत कुणाचा मुलगा कुवेतला, कुणाचे यजमान दुबईला, कुणाचा भाऊ बोटीवर. रजा संपत आली की बॅग भरायला आपणच बसतो. कोकम, कुळथाचं पीठ, लोणचं आणि कोपऱ्यात औषधांची पुडी. आज त्या पुडीबद्दल बोलू या.

माझा भाचा दुबईला निघाला होता. ताईने त्याच्या पाठदुखीच्या गोळ्या पाकिटातून सोडवून एका डबीत भरल्या. जागा कमी लागते ना! औषधांच्या दुकानदाराने ते ऐकलं आणि विचारलं, "ताई, ही ट्रामाडॉल आहे. परवानगी काढली का?" तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

ट्रामाडॉलला आपल्याकडेही २०१८ पासून अमली पदार्थांचा कायदा लागू आहे. दुबई-अबुधाबीला अशी गोळी न्यायची तर तिथल्या सरकारची परवानगी निघण्याआधी ऑनलाइन काढावी लागते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या किंवा घाबरेपणाच्या अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या गोळ्या आणि नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन यांचंही तसंच. आपल्या डॉक्टरांनी दिलेली गोळी तिथे गुन्हा ठरू शकते. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, म्हणून तिकीट काढलं की लगेच त्या देशाच्या वकिलातीकडे चौकशी करा.

मग काय करायचं? गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सोबत दुकानाचं बिल ठेवा. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या. तिच्यावर नाव पासपोर्टवर आहे तेच हवं, घरातलं हाकेचं नको. कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव, आजार आणि रोजचा डोस लिहून घ्या. इन्शुलिन हातातल्या बॅगेत द्या. विमानाच्या पोटात ते गोठलं तर निकामी होतं. आणि एखादी गोळी नेता येत नाही म्हणून ती मनाने बंद करू नका, विशेषतः फिट्सची. डॉक्टरांना विचारून पर्याय घ्या.

आता आपल्या स्वयंपाकघरातली गोष्ट. खसखस! दुबई, सौदी, सिंगापूर इथे खसखशीला बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. मसाल्यात, लाडवात घालून पाठवू नका.

शेवटचं, दुसऱ्याचं पार्सल. २०१९ मध्ये दोहा विमानतळावर मुंबईच्या एका जोडप्याच्या सामानात चरस सापडला. नातेवाइकाने दिलेलं पाकीट त्यांनी विश्वासाने नेलं होतं. दहा वर्षांची शिक्षा झाली. २०२१ मध्ये निर्दोष सुटेपर्यंत त्यांचं बाळही तुरुंगातच जन्मलं.

म्हणून शेजारणीने "एवढं माझ्या मुलाला द्या" म्हटलं, तर तिच्यासमोर पुडी उघडा. चिठ्ठी नसेल तर नाही म्हणा. तिला क्षणभर राग येईल, तो आपण समजावून घालवू. पण आपलं माणूस परक्या देशात अडकलं, तर इथून आपण काय करणार?

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हे जरूर सांगा.