शेत नेमकं कोणत्या चौकोनात?

(सहाय्यकांच्या सभेत केलेलं भाषण)



वनहक्काच्या दाव्यांसाठी तुम्ही आम्हाला संगणक आणि जीपीएस यंत्र घेऊन दिलंत. त्यांचं काय केलं हे सांगायला उभा आहे. एक चूकही सांगायची आहे, ती माझीच.

2006 च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी कुटुंब 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ती जमीन कसत असलं पाहिजे. पुराव्यात त्या काळचं उपग्रहचित्र जोडता येतं. हे चित्र म्हणजे चौकोनांची जाळी. लँडसॅटच्या चित्रात एक चौकोन 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. वीस गुंठ्यांचं शेत जेमतेम दोन चौकोनांचं!

बांधावरून यंत्र घेऊन चाललं की अक्षांश-रेखांश मिळतात. ते मीटरमध्ये आणायचे. मग चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ती जागा पूर्वेला किती आणि दक्षिणेला किती, हे काढून 30 ने भागायचं. दक्षिणेला अशासाठी, की अक्षांश उत्तरेकडे वाढतात, पण चित्राच्या ओळी वरून खाली मोजतात. समजा, जागा पूर्वेला 4,520 मीटरवर आहे. भागाकार 150.67. आमच्या प्रणालीत मोजणी शून्यापासून, म्हणून अपूर्णांक सोडून द्यायचा आणि स्तंभ 150 धरायचा. मी शाळेतल्या सवयीने अर्ध्याच्या वरचं पूर्ण केलं आणि 151 लिहिलं.

पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावर नकाशा दाखवला, तेव्हा एक म्हातारे बाबा म्हणाले, “दादा, हे माझं नाही. ओहोळापलीकडे मी कधी नांगर नेला नाही. तिथं ऐन उभे आहेत.”

मी म्हटलं, “बाबा, हिशेब संगणकाने केलाय.”

ते काही बोलले नाहीत. उठले आणि मला ओहोळावर घेऊन गेले. अलीकडे नागलीचा माळ, पलीकडे दाट झाडी. माझ्या नकाशात त्यांच्या दोन चौकोनांपैकी एक झाडीत होता. तसाच कागद पुढे गेला असता, तर 2005 साली तिथं शेत नव्हतंच, असं आम्हीच लिहून दिल्यासारखं झालं असतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचे आठ दिवस आधीचा प्रत्येक नकाशा पुन्हा तपासला. हातातल्या यंत्राचीही काही मीटरची चूक असतेच, पण ती निदान माझी नव्हे.

2012 साली नियमांत स्पष्ट केलं गेलं, की उपग्रहचित्र इतर पुराव्याला जोड आहे, त्याची जागा घेत नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावाच. म्हणून आता प्रत्येक नकाशा आधी पाड्यावर वाचून दाखवतो: ओहोळ कुठे, वाट कुठे, कोणतं झाड कुठे. मगच वनहक्क समितीची सही.

बाबांचा दावा दुरुस्त नकाशासह उपविभागीय समितीकडे गेला आहे. निर्णय अजून यायचा आहे.