धनेशाचं झाड आणि आपला दावा

(सामूहिक वनहक्क दाव्याच्या तयारीसाठी भरलेल्या शिबिरातलं भाषण. ज्या पाड्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. वाचता येणाऱ्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवावं.)



सकाळी काही जण म्हणाले, दाव्याचं शिबिर आहे, पाखराचं काय सांगता? आम्ही दाव्याचंच सांगणार आहोत. पण सुरुवात पाखरापासून.

धनेश तुम्हाला माहीत आहे. कुणी त्याला ककणेर म्हणतं, कुणी माडगरुड. राखाडी धनेश गावाजवळच्या वडा-पिंपळावरही येतो. आपण बोलतोय ते काळ्या-पांढऱ्याबद्दल, म्हणजे कवड्या धनेशाबद्दल. अंग काळं, पोट पांढरं, शेपटीच्या कडा पांढऱ्या. पिवळट मोठी चोच आणि तिच्यावर काळा डाग असलेलं टोपण. ते जड वाटतं, पण आतून पोकळ असतं. नर-मादी ओळखायची तर डोळ्याभोवतीची कातडी बघा. मादीची पांढुरकी, नराची काळसर निळी.

याला स्वतः ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, कुजून पडलेलं भोक त्याला लागतं. एवढं मोठं भोक बेहडा, सावर, आंबा अशा जाडजूड म्हाताऱ्या झाडातच मिळतं. वीस वर्षांच्या सागात मिळत नाही. ढोली एकदा पसंत पडली की जोडी वर्षानुवर्षं तिथंच येते.

होळीच्या आसपास मादी आत शिरते. माती, विष्ठा, फळांचा गर यांनी दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत दोन-तीन अंडी घालते. तिच्या पंखांची पिसं गळतात, म्हणजे तिला उडताही येत नाही. पावसाच्या तोंडापर्यंत सगळं नरावर. तो उंबराची, वडाची फळं गळ्यात भरून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून देतो. मधेच एखादा सरडा, किडा. आमच्या पाड्यावरची एक आजी म्हणते, "नर मारला तं अख्खं घर मेलं." आजीचं खरं आहे.

फळ इथं खाल्लं, बी कुठं तरी दूर टाकली. काजऱ्याचासुद्धा गर खातो, बी टाकून देतो. ढोलीच्या झाडाखाली पहिल्या पावसात किती तऱ्हेची रोपं उगवतात ते जाऊन बघा. ती कुणी लावली? कुठल्या योजनेत लावली?

आता दुसरी बाजू. वर्षानुवर्षं आपल्या रानात कूप पडले. मिश्र जंगल गेलं, साग आला. उंबर-वडाला लाकूडफाट्याचा भाव नाही म्हणून ते निरुपयोगी ठरले. ढोलीचं झाड पोकळ म्हणून काढायला निघालं. कुऱ्हाड आपल्याच हातात होती, कारण मजुरी तेवढीच मिळायची. आणि जंगल कुणी संपवलं असं विचारलं की बोट दाखवतात आपल्या दळीकडं, राबाकडं.

पण साथींनो, आपलंही खरं बोलू. सांधेदुखीवर म्हणून धनेशाची चरबी आपल्यातलेच लोक काढतात. ढोली फोडून पिलं काढलेली आम्ही पाहिली आहेत. राबाची आग कधी कधी ढोलीच्या झाडाला लागते. 2006 च्या वनहक्क कायद्यात जमिनीचा, गौण वनोपजाचा हक्क आहे. शिकारीचा हक्क नाही, तो कायद्यानं स्पष्टपणे वगळला आहे. एक धनेश मारला तर एक केस होईल, आणि ती केस दाखवून सगळ्या गावाला नावं ठेवतील.

याच कायद्याचं कलम 3(1)(झ) काय म्हणतं? जे सामूहिक वन आपण परंपरेनं राखत आलो, त्याचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा हक्क आपला. कलम 5 मध्ये ग्रामसभेला वन्यजीव आणि जंगल राखायचा अधिकार आहे. 2008 च्या नियमांत म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पुरावा धरला आहे. मग हे झाड आज्याच्या काळापासून इथं आहे, त्याच्याभोवती आम्ही मध, हिरडा-बेहडा गोळा करत आलो, हे म्हाताऱ्यांच्या तोंडून लिहून घ्या. तो आपल्या वहिवाटीचा पुरावा आहे.

म्हणून प्रत्येक पाड्यानं चार कामं करायची.

एक, ढोलीची झाडं, मोठे उंबर-वड आणि देवराई यांची यादी करायची.

दोन, म्हाताऱ्या बायका-पुरुषांचे जबाब लिहून, अंगठा किंवा सही घेऊन दाव्याला जोडायचे.

तीन, होळी ते पाऊस ढोलीच्या झाडावर चढायचं नाही, फांदी छाटायची नाही, खालचा पालापाचोळा ओढून आग लांब ठेवायची. हा ठराव ग्रामसभेत घ्यायचा आणि वहीत लिहायचा.

चार, ढोलीचं झाड नेमकं कुठलं हे बाजारात बोलायचं नाही. पिलं विकत घेणारे फिरत असतात. ती यादी वनहक्क समितीच्या वहीत राहू द्या.

ठराव झाल्यावर कुणी चुकला तर त्याला आधी ग्रामसभेत बसवू. आपला माणूस आहे म्हणून झाकायचं नाही. रान आमचं म्हणायचं तर त्यातली ढोलीही आमच्याच जबाबदारीची.

पुढच्या बैठकीला येताना यादी घेऊन या. रिकाम्या हातानं येऊ नका.

जिंदाबाद!