ट्रेलर छोटा, पण हिच कोणता?

अमेरिकेत गाडीमागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे छोटं फिरतं घर, जोडून सुट्टीला निघतात. तिथल्या आपल्या मंडळींनी असा बेत आखला, तर हे ऐकाच.

ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा भार गाडीच्या मागच्या चाकांच्याही मागे पडतो. गाडी मागून दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगवरचा ताबा कमी होतो. ट्रेलर गाडीला जोडणारा जोड म्हणजे हिच. वेट डिस्ट्रिब्युशन, म्हणजे भार वाटणाऱ्या, हिचचे स्प्रिंग बार ताणले, की टोकाचा काही भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटला जातो.

हा हिच घेण्याआधी ट्रेलरमध्ये सगळं सामान भरून टोकावरचं वजन मोजा. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं. ३,५०० पौंडांच्या ट्रेलरला ३५० ते ५२५ पौंड. बार त्याच क्षमतेचे घ्या. फार ताठ बार घेतले, तर धक्के थेट सांगाड्याला बसतात.

ट्रेलर जोडण्याआधी आणि नंतर पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजा. वाढलेली उंची उतरेल तसे बार ताणा.

काही गाड्यांना हा हिच चालत नाही, म्हणून माहितीपुस्तिका आधी वाचा. आणि लक्षात ठेवा, हिच भार वाटतो, गाडीची ओढण्याची क्षमता वाढवत नाही.