दोष बॅटरीचा की तारेचा?



ट्रॅक्टर म्हटलं की अंधेरी-बोरिवलीच्या माणसाला गाव आठवतं. पण आपल्या कांदिवलीचं ट्रॅक्टरशी जुनं नातं आहे. महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून १९६३ साली ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि कांदिवलीत बनलेले ट्रॅक्टर गावोगावी नांगरट करू लागले. जुहू-वर्सोव्याच्या वाळूत कचऱ्याची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टरही आपण पाहतो.

ट्रॅक्टर शेतातला असो की किनाऱ्यावरचा, एक दुखणं सारखंच असतं. सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’ होतं, दिवे मंदावतात आणि इंजिन फिरत नाही. शेतात वाफसा आलेला असतो, पेरणीचा दिवस हातचा जात असतो. अशा घाईत सगळं खापर बॅटरीवर फुटतं. काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी येते आणि कधी कधी आठवड्याभरात पुन्हा तेच! कारण दोष बॅटरीत नसतोच. तो तारेच्या जोडात असतो.

हे कसं होतं? आपल्या इमारतीतला नळ आठवा. सगळे नळ बंद असताना पाइपात पाण्याचा दाब पुरेसा असतो. घरोघरी नळ सुरू झाले, की वरच्या मजल्यावर धार बारीक होते. विजेचंही तसंच. सेल्फला दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही जास्त प्रवाह लागतो. गंजलेल्या जोडाचा अडथळा एका ओहमचा फक्त शंभरावा भाग असला, तरी दोनशे अँपिअरला तिथे दोन व्होल्ट खर्ची पडतात. म्हणजे चारशे वॅट उष्णता! म्हणूनच सेल्फ मारल्यावर एखादा जोड हाताला गरम लागला, तर चोर तिथेच आहे असं समजावं.

आता तपासणी. साधा मल्टिमीटर डीसी वीस व्होल्टवर ठेवा. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन बंद करण्याची दांडी ओढून धरलेली, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या खाली असेल, तर आधी चार्ज करा. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. बॅटरीच्या खुंट्यांवरचा आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर बॅटरीवर संशय घ्या.

बॅटरी टिकली आणि सेल्फ तरीही रेंगाळला, तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरं सेल्फच्या जाड तारेच्या बोल्टवर ठेवा. सेल्फ मारताना हा आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नसावा. मग निगेटिव्ह खुंटी आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये मोजा. इथे दोन-तीन दशांश पुरे. जास्त आला, तर एकेक जोड मागे सरकत मोजा. सेल्फ न मारता मोजलंत, तर मीटर शून्यच दाखवेल. प्रवाह नाही तर तूटही नाही.

दोष बहुतेक वेळा अर्थिंगच्या पट्टीत सापडतो. रंगकाम केल्यावर पट्टीखाली रंग राहतो. किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर हिरवा-पांढरा बुरा चढतो. कधी मूळ केबल बदलताना बारीक तार घातलेली असते. जोड सोडवताना चॅसीला जोडलेली तार आधी काढा आणि परत बसवताना ती शेवटी लावा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं बुरा धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. धातू कोरडा आणि चकचकीत करा, जोड घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा.

इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. न दिसल्यास पट्टा सैल आहे का ते पाहा, मग अल्टरनेटर तपासा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. जमिनीवर उभं राहून स्क्रू ड्रायव्हरनं सेल्फचे बोल्ट जोडू नका. गिअर पडलेला असेल, तर ट्रॅक्टर थेट अंगावर येतो. गाडी सुरू करण्याच्या अशा घाईत माणसं गेली आहेत.

बॅटरी विकत घेण्याआधी मीटर लावा. दहा मिनिटं जातील, पण पैसा वाचेल आणि कदाचित पेरणीही वेळेवर होईल.